सांबाराची जागा

सेवाग्रामच्या रस्त्यावर एका झेरॉक्सच्या दुकानाच्या डोक्यावर समीक्षा आणि धनंजय या दोघांनी आपला स्टुडिओ थाटला आणि त्याचं नाव ठेवलं ‘आडवंउभं’. पाटी मोठी देखणी झाली होती. पण पहिल्या महिन्यात जिना चढून जी माणसं वर आली, त्यांतल्या एका आजोबांना शब्दकोडी हवी होती आणि एका बाईंना वाटलं होतं की इथे सतरंज्या विणून मिळतात. दुकानाचं नाव ठेवताना गिऱ्हाइकाचा थोडा तरी विचार करावा, पण हे तरुण वास्तुरचनाकारांना सांगणार कोण? लोक बुचकळ्यात पडले की यांना वाटतं, कौतुकच झालं.

धनंजय इथलाच, तळेगावचा, पुण्याजवळच्या नव्हे, श्यामजी पंतांच्या तळेगावचा. समीक्षा साताऱ्याकडची. पुण्यात दोघं एका वर्गात शिकली, एकाच ऑफिसात राबली आणि दुसऱ्यांच्या इमारतींच्या जिन्यांचे नकाशे काढून काढून एकाच दिवशी कंटाळली. धनंजय म्हणाला होता, “वर्ध्याला चल. तिथे ऊन आहे, चांगली वीट आहे आणि लोकांना घर बांधायची हौस आहे.” ती आली, आणि तिन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या, ऊन तर जरा जास्तच खरं निघालं. घरानं माणसाशी खेळावं आणि उन्हाशी भांडावं, असं समीक्षाचं मत होतं. असं घर तिनं कागदावर शंभरदा बांधलं होतं. जमिनीवर एकदाही नाही.

मग बंडूजी आले. नालवाडीच्या पलीकडे रस्त्याला लागून त्यांचं वावर. घरातलं प्रत्येक माणूस भाजीपाल्यात वाढलेलं. मेथी, पालक, वांगी काढायची आणि वर्ध्याच्या बाजारात न्यायची, हेच पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. वावरातच टिनाचं घर होतं. पण मुलगा कैलास आता सेवाग्रामच्या दवाखान्यात लॅबमध्ये लागला होता, नात आचल शाळेत जायला लागली होती आणि बंडूजींचे गुडघे उठता-बसता बोलायला लागले होते. म्हणून नालवाडीच्या नव्या कॉलनीत प्लॉट घेतला होता. वावर कसायचं ते कसायचंच, पण राहायचं पक्क्या घरात, असं ठरलं होतं.

समीक्षा आणि धनंजय वावरात गेले तेव्हा सगळ्यांनी आपापलं मागणं सांगितलं. बंडूजींना बंगई हवी होती, चांगली सागवानी, पाय न टेकता झोका घेता येईल अशी. कैलासला गाडी सावलीत उभी करायला जागा हवी होती. त्याच्या बायकोला, हर्षाला, दुपारी बारा वाजता ज्यात उभं राहता येईल असं स्वयंपाकघर हवं होतं. आचलनं विचारलं, “वरच्या खोलीतून खाली याले घसरगुंडी राहीन का?” मोठी माणसं हसली. समीक्षा हसली नाही. तिनं तिथल्या तिथे घसरगुंडी काढून दाखवली, आणि आचल त्या दिवसापासून तिची झाली.

राहिल्या मंदाबाई. धनंजय बंडूजींना घेऊन प्लॉटची मापं घ्यायला गेला, तेव्हा त्या मेथीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. समीक्षा त्यांच्याजवळ जाऊन बसली.

“काकू, तुम्हाला काय हवं?”

“मले नकाशातलं काई समजत नाई, मॅडम,” मंदाबाई म्हणाल्या. हात चालूच होते. “तुमाले जसं करायचं तसं करा. मले फक्त सांबाराले चांगली जागा पायजे. एवढं झालं तं मी येतो तिकडे. नाई तं तुमी साऱ्याइनं जा, मी राह्यतो इथंच वावरात.”

नागपूर-वर्ध्याकडचा वाचक इथे गालातल्या गालात हसायला लागला असेल. त्यानं जरा दम धरावा, कारण बाकीच्यांना सांगायला हवं. पुण्या-साताऱ्याकडे जिला कोथिंबीर म्हणतात, तिला इकडे सांबार म्हणतात. सांबार, पुल्लिंगी. हिरवागार, वीतभर उंच, भाजीवर वरून पेरायचा. इडलीबरोबर येतं ते सांबार निराळं. ही गोष्ट विदर्भात तान्ह्या पोरालाही ठाऊक असते. समीक्षाला मात्र येऊन तीनच महिने झाले होते आणि ती डबा लावून जेवत होती. डबा खाणाऱ्या माणसाची आणि कोथिंबिरीची गाठ पडते ती थेट ताटात, आणि ताटातल्या कोथिंबिरीला कोणी नाव विचारत नाही.

तिनं वहीत लिहून घेतलं, ‘मंदाकाकू: सांबार’. आणि तिला भरून आलं. बघा, जन्मभर मेथी-पालक पिकवणारी बाई, आणि हौस कसली, तर सांबार करायची! कधी कुठे लग्नात खाल्लं असेल, आवडलं असेल, टिनाच्या घरात चुलीपुढे करता आलं नसेल. माणसाच्या मनात काय काय दडलेलं असतं.

मग तिनं जे स्वयंपाकघर काढलं त्याला तोड नव्हती. घराच्या अगदी मधोमध. मोठं पातेलं ठेवता यावं म्हणून शेगडीचा ओटा बुटका, वाफ वर जायला चिमणी, डाळीचे डबे हाताशी यावेत म्हणून भिंतीत कोनाडे, आणि पश्चिमेच्या उन्हाचा एक कवडसाही आत येऊ नये म्हणून दुहेरी विटांची पोकळ भिंत. नकाशावर तिनं तिथे प्रेमानं लिहिलं, ‘सांबाराचा ओटा’.

आता म्हणाल, धनंजय तर तळेगावचा, त्यानं कसं पाहिलं नाही? पाहिलं की. त्याला वाटलं, वा, काय बारकाईनं विचार केलाय पोरीनं! मंदाबाईंना घरात बसून सांबाराच्या जुड्या बांधायला वेगळा ओटा काढलाय. तो म्हणालाही, “सांबाराचा ओटा मस्त झालाय.” ती म्हणाली, “हो ना?” दोघं एकमेकांवर खूश झाली. एकच शब्द दोघांनी वाचला आणि दोघांना दोन घरं दिसली. भागीदारीत असं फार होतं, फक्त ते बहुतेकदा घर बांधून झाल्यावर कळतं.

दसरा झाल्यावर प्लॉटवर आखणी झाली. कागदावरचं घर पांढऱ्या फक्कीनं जमिनीवर खऱ्या मापानं आखतात, त्या दिवशी घरच्यांना बोलवायची पद्धत असते. आणि त्या दिवशी प्रत्येक घरात एकदा रुसवा होतोच, कारण उघड्या आभाळाखाली कोणतीही खोली कोंबड्याच्या खुराड्याएवढी दिसते. बंडूजी आपल्या खोलीच्या रेघेत उभे राहून म्हणाले, “अबे, एवढ्यात तं माहा बैल वळणार नाई.”

“भिंती चढल्या का मोठी दिसते, काकाजी,” धनंजयनं समजूत घातली.

आचल दरवाजातून आत जायची, खिडकीतून बाहेर यायची आणि मोठ्यांनी भिंतीतून जाऊ नये म्हणून ओरडायची. सगळे हसत होते. मंदाबाई कडेला उभ्या होत्या. पदर सावरत त्यांनी समीक्षाला विचारलं, “माह्या सांबाराची जागा कुठी हाय?”

समीक्षा याच प्रश्नाची वाट बघत होती. तिनं त्यांचा हात धरला आणि घराच्या मधोमध नेऊन उभं केलं. “ही बघा, काकू. एवढी सगळी.”

मंदाबाईंनी खाली पाहिलं. मग वर पाहिलं. “इथं वरून का येईन?”

“वर स्लॅब. एकदम पक्का.”

“अन् ऊन?”

“उन्हाचं नावच नाही. चारी बाजूंनी बंद करून टाकलंय मी.”

“पाणी?”

“नळ आहे ना शेजारी. भांडी घासायला.”

मंदाबाईंनी फक्कीच्या रेघांवरून एकदा नजर फिरवली. मग म्हणाल्या, “बरं हाय.”

‘बरं हाय’ याचे वऱ्हाडीत अर्थ पुष्कळ. ओठ न उघडता म्हटलेल्या ‘बरं हाय’चा अर्थ एकच, की बोलणं संपलं. समीक्षाला तो ठाऊक नव्हता. तिला वाटलं, काकूंना आनंदानं बोलता येईना. मंदाबाई जाऊन कडुनिंबाखाली बसल्या आणि घरी निघेपर्यंत पुन्हा रेघेच्या आत आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी कैलासचा फोन आला. “मॅडम, काम थांबवा. आई येत नाई म्हणते नव्या घरात. काऊन नाई, ते काई सांगून नाई राह्यली. अन् आई नाई म्हणते तं बाबाही नाई म्हणून राह्यले. मी एकटा बांधू कोणासाठी?”

समीक्षा खुर्चीतच बसून राहिली. पहिलं घर. अजून पायवासुद्धा खोदला नव्हता आणि घरच्या बाईनं त्याला पाठ दाखवली होती. पण खरं सांगायचं तर तिला घराएवढंच वाईट मंदाबाईंचं वाटत होतं. तिनं त्यांच्यासाठी इतक्या मायेनं काहीतरी केलं होतं, आणि माया नाकारली गेली की अपमानापेक्षा जास्त लागते. ती बाथरूममध्ये जाऊन रडली, तोंड धुतलं आणि पुन्हा नकाशा काढून बसली. नकाशात तिला काहीच चूक सापडेना.

मंदाबाईंचंही ऐकून घ्यायला हवं. त्यांना वाटलं होतं, ही शिकलेली पोरं, शहरात आता असंच करत असतील. टीव्हीवर दाखवतात तसं, बंद खोलीत, लाइट लावून सांबार पिकवत असतील. आपण एकदा सांगितलं, त्यांनी आपल्या परीनं केलं. आता पुन्हा सांगायचं म्हणजे मागत बसायचं. मागायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांचा स्वभाव द्यायचा होता, आणि सगळं घोडं तिथेच तर अडलं होतं.

धनंजय तेव्हा तळेगावला गेलेला. समीक्षानं ठरवलं, की आपण बोलण्यात कमी पडलो असू. काकूंना वाटलं असेल, या पोरीला सांबाराचं काय कळतंय. तर दाखवूनच देऊ. स्टुडिओतल्या चहाच्या शेगडीवर तिनं तुरीची डाळ शिजवली, शेवग्याच्या शेंगा घातल्या, चिंच घातली, भोपळा घातला, आईला फोन करून फोडणीचं विचारलं. खालच्या झेरॉक्सवाल्यानं वर येऊन विचारलं, की हॉटेल काढलं का? दुपार कलल्यावर ती पितळी डबा स्कूटीच्या हुकाला लटकवून वावराकडे निघाली. डबा डुचमळत होता, म्हणून ती खड्डे चुकवत चालली होती.

मंदाबाई टिनाच्या घरापुढे बसल्या होत्या. पोरगी दारात आली म्हणून त्यांनी पाणी दिलं, बसायला चटई दिली. राग माणसावर नव्हताच.

“काकू, तुमच्यासाठी आणलंय,” समीक्षा डबा पुढे करत म्हणाली. “मी स्वतः केलंय. सांबार.”

मंदाबाईंचे डोळे बारीक झाले. स्वतः केलंय सांबार? त्यांनी झाकण काढलं. वास घेतला. चमचा मागवला, तळापर्यंत घातला, हळूहळू ढवळलं. एक शेंग वर आली. भोपळ्याची फोड वर आली. पुन्हा ढवळलं.

“पोरी,” त्या शेवटी म्हणाल्या, “यात सांबार कुठी हाय?”

“हेच की. हे सगळंच.”

“हे तं वरण हाय.”

“वरण नाही काकू, सांबार! यात शेंगा आहेत, चिंच आहे—”

“शेंगा दिसून राह्यल्या मले. सांबार कुठी हाय, सांबार? एक काडी नाई टाकली त्यात तू!”

त्या उठल्या. समीक्षाचं मनगट धरून त्यांनी तिला घराच्या बाजूला, रस्त्याच्या कडेला नेलं. तिथे एक वाफा होता, गर्द हिरवा, दाट. मंदाबाईंनी वाकून मूठभर खुडलं आणि तिच्या नाकाशी धरलं. “हा पाहा सांबार.”

“ही... ही कोथिंबीर आहे,” समीक्षा म्हणाली.

“का हाय?”

“कोथिंबीर.”

समीक्षाच्या डोक्यात चिमणी कोसळली, बुटका ओटा कोसळला, कोनाडे कोसळले. मग आखणीच्या दिवशी मंदाबाईंनी वर आभाळाकडे का पाहिलं ते उमगलं, आणि ती कपाळाला हात लावून मटकन वाफ्याकाठी बसली. “काकू, मी तुमच्यासाठी... मी तुमच्यासाठी एवढं मोठं स्वयंपाकघर...”

“सैपाकघर?” मंदाबाईंना आत्ता उमगलं. “म्हंजे तू माहा सांबार शिजवून राह्यली होती?”

त्या हसायला लागल्या ते थांबेचनात. पदर तोंडात धरला, डोळ्यांतून पाणी आलं, शेवटी त्याही खाली बसल्या. बंडूजी काय झालं म्हणून गुडघे धरत आले. त्यांना सांगायला गेलं की दोघींना पुन्हा हसू यायचं. अखेर त्यांनी वैतागून डब्यातलं वाटीभर घेतलं, प्याले आणि निवाडा दिला, “वरण आंबट हाय, पण बेस हाय.”

तेवढ्यात रस्त्यावरून दोन बाया चालल्या होत्या, दवाखान्यातली ड्यूटी संपवून. एकीनं तिथूनच हाक दिली, “मंदाबाई, जराकसा सांबार देजा वं!” मंदाबाईंनी विळा घेतला. मुळं न उपटता वरून कापला, दोघींच्या हातात दिला, आणि मग बोलणं निघालं. एकीच्या सासूचं मोतीबिंदूचं, दुसरीच्या पोरीच्या परीक्षेचं. त्या गेल्या तर सायकलवरचे एक गुरुजी थांबले. ते गेले तर एक म्हातारी आली, तिला सांबार नकोच होता, ती नुसती बसली.

समीक्षा सगळं बघत होती. “तुम्ही पैसे घेत नाही?”

“बजारातला निराळा. हा वाफा विकाचा नाई,” मंदाबाई म्हणाल्या. आता त्यांचं हसू ओसरलं होतं. “माही सासू लावे, मी लावतो. हा येणाऱ्या-जाणाऱ्याचा. तिकडे कॉलनीत पाह्यलं मी, सारे फाटकं लावून बसते. कोणी कोणाच्या दारात जात नाई. सांबार असला का माणूस दारात येते, पोरी. कैलास दवाखान्यात जाईन, हर्षा सैपाकात राहीन, आचल शाळेत जाईन, बुढा वावरात येईन. मंग मी दिवसभर कोणाशी बोलू? भितीशी?”

या बाईनं समीक्षाकडे एक वाफा मागितला नव्हता, दारात माणसं मागितली होती, आणि ती त्यावर पक्का स्लॅब टाकून मोकळी झाली होती. तिनं मंदाबाईंचा ओला, हिरवा वास येणारा हात आपल्या हातात घेतला.

“काकू, अजून फक्कीच आहे,” ती म्हणाली. “फक्की पुसता येते.”

पुसली. हर्षाच्या वाट्याचं तेवढं ठेवून स्वयंपाकघर निम्मं झालं. सांबार मधून उठला आणि सगळ्यांत पुढे, रस्त्याला लागून बसला. कॉलनीत सगळ्यांच्या कंपाउंडच्या भिंती डोक्याच्या वर, मंदाबाईंच्या घराची भिंत गुडघ्याला लागेल एवढी, आणि रुंद, म्हणजे येणाऱ्यानं पिशवी ठेवावी, नाहीतर स्वतःच टेकावं. न्हाणीचं पाणी रेती-गिट्टीच्या खड्ड्यातून गाळून वाफ्याला यायचं, आणि मे महिन्यात ऊन अंगावर येईल तेव्हा वर बांबूचा तट्टा ओढता यायचा.

कैलास तेवढा बिथरला, कारण वाफा बरोबर त्याच्या गाडीच्या जागेवर आला होता. “सांबार सावलीत अन् गाडी उन्हात?”

“गाडी जाते बाजूच्या बोळात,” समीक्षा म्हणाली, “आणि तिच्या डोक्यावरून जाते आचलची घसरगुंडी. सावलीच सावली.” आधी घसरगुंडी घरातल्या अंगणात उतरत होती. आता ती बोळावरून वळून पुढे, वाफ्याच्या शेजारी उतरणार होती. हे समीक्षानं गाडीसाठी केलं. दुसरा कसलाही विचार तिच्या मनात नव्हता, ही नोंद इथे करून ठेवतो, कारण पुढे लोक तिला याचंही श्रेय देणार आहेत.

घराआधी सांबार पेरला गेला. मंदाबाईंनी चपलेखाली धने रगडून दोन फाकी केले आणि फक्कीच्या चौकोनात टाकले. पायवा खोदला तेव्हा वाफा हिरवा झाला होता. विटा आल्या, रेती आली, आणि मंदाबाई रोज पाणी द्यायला यायच्या. तानबा मिस्त्री आणि त्याची माणसं दुपारच्या भाकरीवर सांबार खुडून घ्यायची. जिला नव्या घरात यायचंच नव्हतं, ती भिंती उभ्या राहायच्या आधीच तिथे नांदायला लागली होती.

पुढच्या दिवाळीनंतर वास्तू झाली. गोल खिडक्या, कवेलूंच्या उतरत्या छपराची सपरी, म्हणजे ओसरी, तीत बंगई, हिरवी घसरगुंडी. लोक बघून जायचे आणि म्हणायचे, “मस्त हाय, पण शाळा हाय का घर हाय?” बंडूजी पहिल्याच सकाळी जिन्याकडे पाहून म्हणाले, की हे उतरणं गुडघ्याचं काम नाही, आणि घसरगुंडीवरून खाली आले. धोतर सावरत उठले आणि “बेस हाय” म्हणाले. त्यानंतर ते जिना फक्त चढायला वापरतात.

सगळं छान झालं. फक्त मंदाबाईंच्या दारात कोणी आलं नाही.

दिवस गेले. सांबार वाढला, दाट झाला. बुटक्या भिंतीपाशी मंदाबाई विळा घेऊन बसायच्या. समोरच्या घरातली मयुरी, बँकेत जाणारी, सकाळी गाडी काढायची, फाटक लावायची. संध्याकाळी फाटक उघडायची, गाडी आत घ्यायची, फाटक लावायची. एकदा मंदाबाईंनी आपणहून हाक दिली, “बाई, सांबार पायजे का?” ती लांबूनच हसून म्हणाली, “नाई काकू, फ्रिजमध्ये हाय.” फ्रिजपुढे मंदाबाईंचा काय निभाव लागणार? पुढे वाफ्याला पांढरी फुलं आली.

समीक्षा रोज काही ना काही निमित्त काढून तिथून जायची. भिंत बुटकी केली की माणसं थांबतील, असं तिनं छाती ठोकून सांगितलं होतं. कोणी थांबत नव्हतं. एक दिवस मंदाबाई म्हणाल्या, “सांबार म्हातारा होऊन राह्यला, बेटा. एक डाव आणखी पेरतो. तुह्यासाठी पेरतो. मंग जातो वावरात.” आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. त्या रात्रीच्या डब्यातलं समीक्षाला काही गोड लागलं नाही.

मग शाळेला नाताळची सुट्टी लागली. आचल दिवसभर घसरगुंडीवर. शेजारचं एक पोरगं आधी भिंतीपलीकडून बघत राहिलं. भिंत गुडघ्याएवढी, त्यानं एक पाय टाकला आणि आत आलं. दुसऱ्या दिवशी चार आली. तिसऱ्या दिवशी कॉलनीतली झाडून सगळी पोरं मंदाबाईंच्या वरच्या खोलीत चढत होती आणि वाफ्याशेजारी येऊन पडत होती. बंडूजींना खाली यायला नंबर लावावा लागला.

आणि संध्याकाळ झाली की पोरांना न्यायला आया यायला लागल्या. पोरं काही लगेच निघत नाहीत. “एकच डाव, मम्मी!” म्हणून वर पळतात. तोवर आईनं काय करावं? भिंत रुंद होती. मयुरी पहिल्यांदा टेकली ती घड्याळ बघत. मंदाबाईंनी न विचारता नवा कोवळा सांबार कापला आणि तिच्या ओंजळीत टाकला. मयुरीनं वास घेतला. मोबाइल काढून विचारलं, “किती झाले, काकू? स्कॅनर हाय का?”

“सांबाराचे कोणी पैसे घेते का, बापा?” मंदाबाई म्हणाल्या. “तुही सासू म्हणे बीमार होती ना? कशी हाय आता?”

मयुरीनं मोबाइल पर्समध्ये टाकला. सासूचं सांगायला तिला बराच वेळ लागला. दुसऱ्या दिवशी ती सांबारवड्या घेऊन आली, डबाभर, आणि येताना शेजारणीलाही घेऊन आली.

समीक्षाला हे काही ठाऊक नव्हतं. ती चारेक दिवस नागपूरला दुसऱ्या कामात अडकली होती. परत आल्यावर ती भीतभीतच कॉलनीत वळली, मंदाबाईंनी सामान बांधलं असेल या धास्तीनं. लांबून तिला वाफा दिसेना. भिंतीवर बायांची रांग बसली होती, खांद्याला खांदा लावून. पोरांचा कल्ला चालला होता. बंगईवर दोन म्हातारे बंडूजींशी कापसावरून वाद घालत होते. स्कूटी लावायला जागा नव्हती. समीक्षा तिथेच उभी राहिली, आणि तिला रडू आलं. या खेपेला तिनं ते बाथरूमपर्यंत नेलं नाही.

बायांच्या डोक्यांवरून मंदाबाईंना ती दिसली. त्यांनी विळा उंच केला. “काय वं, तिथं काऊन उभी हाय? काय पायजे तुले?”

समीक्षानं डोळे पुसले, आणि साताऱ्याच्या जिभेला जमेल तसं वऱ्हाडी करून म्हणाली, “काकू, जराकसा सांबार देता का?”

“कोणता?” मंदाबाई ओरडल्या. “तुहा का माहा?”

भिंतीवरच्या बायांना काही कळेना, या दोघी एवढ्या कशाला हसतायत. मयुरी जरा सरकली, आणि समीक्षाला बसायला जागा झाली.